येते म्हणाली होतीस

२ फेब्रुवारी

प्रिय कुजबूज,

आज सकाळी तुझा डावा डोळा माझ्या खांद्यावर होता. मोठ्या होर्डिंगचा फ्लेक्स एका तुकड्यात येत नाही. दोन पट्ट्या येतात, गुंडाळलेल्या, आणि चढणाऱ्यानं आपापली पट्टी खांद्यावर टाकून शिडी चढायची असते. वर जाऊन गुंडाळी सोडेपर्यंत आत कोण आहे ते कळत नाही. साबण असतो, सिमेंट असतं, निवडणुकीला उभा राहिलेला कोणीतरी हात जोडून असतो. आज आधी भुवई आली, मग डोळा, मग गाल. गालावरचा तीळ त्यांनी काढून टाकलाय. तरी ओळखलं.

खालून मामा ओरडला, "अरे हिरो, ताण जरा. बाईच्या गालाला सुरकुती पडलीये."

मी दोर ताणला. सुरकुती गेली.

तर असं आहे. मी हल्ली मामाकडे होर्डिंग लावतो. कॉलेज सोडलं हे काकूंनी तुला सांगितलं असेलच. कोणी कारण विचारलं तर हजेरी कमी पडली म्हणून सांगतो.

फोन करून पाहिला होता. तुझी मॅनेजर उचलते. "मॅडम शूटमध्ये आहेत. आपण कोण?" आपण कोण याचं उत्तर मला चटकन सुचलं नाही, म्हणून ठेवून दिला. हे पत्र काकूंच्या पत्त्यावर टाकतोय. तुझी आई अजून मला चहा देते, तेव्हा पत्रही पोचवेल.

मी चिडलेलो नाही, हे आधीच लिहून टाकतो. माझं नाव काडेपेटी पडलंय म्हणून तू पाकीट उघडतानाच तोंड मागे घेशील. तसं काही नाही. मला एक साधी गोष्ट विचारायची आहे.

तू त्या शोला निघालीस त्या दिवशी तुमच्या जिन्यात मी तुला पुष्कळ बोललो. त्यातलं शेवटचं "जायचं तर जा" असं होतं. तू बॅग पायरीवर ठेवलीस, तिचा पट्टा नीट केलास, परत खांद्याला लावलीस आणि म्हणालीस, "येते मी."

येते म्हणालीस. मी त्या एका शब्दावर दीड वर्ष काढलं.

मामाला हे एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, "अरे वेड्या, घरातून निघताना सगळेच तसं म्हणतात. जाते कोण म्हणतं? दूधवाला पण येतो म्हणूनच जातो."

मी म्हटलं, "आणि दुसऱ्या दिवशी येतो."

मामा गप्प झाला. तो गप्प झाला की मी जिंकलो असं मी धरतो.

तर एवढंच लिहून पाठव. ते येते खरं होतं का? हो किंवा नाही.

काडेपेटी

९ फेब्रुवारी

प्रिय कुजबूज,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, तुझा पिक्चर येतोय, कामं असतील.

काल टीव्हीवर तुझी मुलाखत लागली होती. त्या माणसानं विचारलं, "अभिनयाची आवड कधीपासून?" तू म्हणालीस, "लहानपणापासून." मी आणि आई जेवत होतो. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी जेवत राहिलो.

कॉलेजच्या नाटकात हिरो मी होतो. तुला दिग्दर्शकानं नोकराणीचं काम देऊ केलं तर तू रडायला लागलीस, म्हणून तुला संहिता हातात देऊन विंगेत उभं केलं. मी तिसऱ्या प्रवेशात दरवेळी एकाच ठिकाणी अडायचो. इतरांना तू कुजबुजून सांगायचीस, तुझं नाव त्यावरूनच पडलं; माझ्या वेळी मात्र आवाज करायची नाहीस. नुसते ओठ हलवून पहिला शब्द दाखवायचीस आणि मला पुढचं अख्खं भाषण आठवायचं. परीक्षकांनी मला बक्षीस दिलं. मी ते तुझ्यासमोर नाचवत फिरलो होतो. "कुजबूज, बघ, अभिनय." तू म्हणालीस, "हो ना, पाठांतर काय सुंदर आहे तुझं."

आता तुझं नाव पोस्टरवर आहे आणि मी ते पोस्टर लावतो. यात मला काही वाटत नाही. मजा वाटते, झालंच तर.

तुझा शो आम्ही रोज पाहिला. आई एरवी टीव्हीसमोर बसून राहणाऱ्यातली नाही, पण तुझ्यासाठी बसायची. "पोरगी वाळली," म्हणायची. "तिथं वेळेवर खायला घालत नाहीत वाटतं." एका घरात कोंडलेली ती माणसं, भिंतीभिंतीत कॅमेरे, दर आठवड्याला एकाला बाहेर काढायचं. तू सुरुवातीला नुसती कोपऱ्यात बसायचीस. मला बरं वाटायचं. वाटायचं, पहिल्याच आठवड्यात बाहेर काढतील आणि तू येशील.

मग तो दाढीवाला तुझ्या शेजारी येऊन बसला तो भाग. तो मी घरी नाही, कँटीनमध्ये पाहिला, पुनःप्रक्षेपण. सगळं कॉलेज तिथंच होतं. त्यानं विचारलं, "बाहेर कोणी आहे का तुझं?" आणि तू म्हणालीस, "नाही." थांबली नाहीस, खाली पाहिलं नाहीस. भाजी घ्यायची का विचारल्यावर नको म्हणतात तसं.

हजेरीचं कारण खोटं आहे. माझ्या हातात कप होता, तो कँटीनच्या टीव्हीवर बसला. प्राचार्य म्हणाले, माफी लिहून दे, विषय संपला. मी म्हटलं, टीव्हीची माफी मागणार नाही. ते म्हणाले, मग टीव्हीला कॉलेजमध्ये ठेवतो आणि तुला घरी. बोलायला बरे आहेत ते.

तू पुढे बाहेर आलीस तेव्हा मी घरी होतो, त्यामुळे तो भाग आईबरोबर पाहिला. तुझ्याआधी जे जे निघाले ते दारात रडले, सगळ्यांना मिठ्या मारल्या, कॅमेऱ्याकडे बघून भाषणं केली. तुला विचारलं, जाता जाता काय सांगाल. तू बॅगेचा पट्टा नीट केलास आणि म्हणालीस, "जाते."

बस. दार बंद.

आईनं कपाळाला हात लावला. "घरातून निघताना जाते म्हणतात का कोणी? हिला कोणी शिकवलंच नाही."

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी रिक्षाच्या पाठीवर "जाते". मुलांच्या शर्टांवर "जाते". बॅगांच्या कंपनीनं तुला घेऊन जाहिरात केली, त्यात तू बॅग उचलतेस आणि तेच म्हणतेस. मग ती मालिका, त्यातली कजाग नणंद. दर शनिवारी माहेर सोडून निघायचीस आणि दर सोमवारी परत यायचीस. आणि आता पिक्चर. पेपरवाला लिहितो, "एका शब्दावर मोठी झालेली मुलगी, अभिनय अजून दिसायचा आहे." मी तो पेपर फाडला. म्हणजे फाटला.

मला कळत नाही ते हे. जिन्यात माझ्याशी भांडण झालं असताना येते म्हणालीस आणि साऱ्या देशासमोर जाते म्हणालीस. यातलं कोणतं तुझं आणि कोणतं लिहून दिलेलं?

काडेपेटी

२० फेब्रुवारी

प्रिय कुजबूज,

आज एक बाई गोदामात आल्या होत्या. गळ्यात चॅनेलचं ओळखपत्र, हातात दोन फोन. गोदामात जुन्या फ्लेक्सचे ढीग पडलेले असतात, त्यावरून टाचांचे बूट सांभाळत आल्या. मामाला वाटलं जाहिरातीचं काम आलं. त्यानं खुर्ची पुसून दिली.

त्या माझ्यासाठी आल्या होत्या. "दारात कोण?" त्यांच्या कार्यक्रमाचं नाव. तू पाहिला असशील. सोफ्यावर मोठं माणूस बसतं, स्टेजवर एक दार असतं, दाराच्या मागून जुन्या ओळखीचं कोणीतरी एक वाक्य बोलतं, आणि आवाजावरून ओळखायचं. मग दार उघडतं. पिक्चरच्या आधी तू त्यांच्या सोफ्यावर बसणार आहेस आणि त्यांना दारामागे उभं करायला माणूस हवाय.

कॉलेजात कोणीतरी त्यांना माझं नाव दिलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघं जवळचे होता ना?"

मी म्हटलं, "एका नाटकात होतो."

"नुसतं नाटकातच?"

मामा मध्ये पडला. "त्याचं काय आहे मॅडम, हा नाटकातून अजून बाहेरच आलेला नाही."

मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. मला कोणाच्या दारामागे उभं राहायचं नाही. आमचं काय ते आम्ही बघून घेऊ, सोफ्यावर कशाला, असं म्हटलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "विचार करा."

हे तुला अशासाठी कळवतोय की उद्या कोणी काही सांगितलं तर मी गेलो नव्हतो हे तुला माहीत असावं.

काडेपेटी

ता. क. त्यांचं कार्ड मात्र ठेवलंय. फेकायचं राहून गेलं.

२३ फेब्रुवारी

प्रिय कुजबूज,

काकूंकडे गेलो होतो. पत्रं पोचतात का ते विचारायला. त्या म्हणाल्या, "ती परवा आली होती, घेऊन गेली." वाचली का ते त्यांना माहीत नाही. तू आली होतीस आणि मी दोन गल्ल्या पलीकडे चपलांच्या दुकानाची पाटी लावत होतो. असो.

तुमच्या घरात सगळं तसंच आहे. फ्रिज नवा आहे, पण त्याचं प्लास्टिक काकूंनी काढलेलं नाही. "तिनं पाठवलाय," म्हणाल्या. "हात लावायला भीती वाटते." जुना फ्रिज शेजारीच ठेवलाय आणि दूध त्यातच ठेवतात.

मी काही विचारणार नव्हतो, पण चहा गरम होता आणि प्यायला वेळ लागतो. विचारलं. "काकू, ती शोमध्ये नाही का म्हणाली?"

"कशाला नाही म्हणाली?"

"बाहेर कोणी आहे का म्हटल्यावर."

काकूंनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळल्या. "तुला तो उंच मुलगा आठवतो का? सारखा शर्ट काढून फिरायचा तो. त्यानं सांगितलं, बाहेर माझी मैत्रीण आहे. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीला घरातून उचलून आणली. त्याच्यासमोर बसवली, हा आत कोणाशी कसं बोलला त्याचे तुकडे दाखवले. ती पोर रडली ते अजून दाखवतात मधूनमधून. ठरलेलं लग्न मोडलं त्यांचं. हिच्या डोळ्यांसमोर झालं ते."

मी कप खाली ठेवला.

"तुझ्या रागावर तिचा फार विश्वास," काकू म्हणाल्या. "म्हणाली होती, आई, त्याला आणला तर तो कॅमेरेच फोडेल."

मला हसू आलं, कारण तेव्हाच्या तेव्हा मी कँटीनचा टीव्ही फोडला होता.

पण मग मी घरी येताना विचार केला. आई आहे ती. आईनं असंच सांगायचं असतं. मुलीनं नाही म्हटलं की त्याचं कारण आईला सापडतंच. मला कारण नकोय. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय आणि तू उत्तर देत नाहीस. पत्र घेऊन जातेस आणि उत्तर देत नाहीस, हे मला जिन्यातल्या त्या दिवसापेक्षा जास्त लागलं.

काडेपेटी

१ मार्च

कुजबूज,

मी येतोय. कार्ड फेकलं नव्हतं, मागे लिहिलंच आहे.

परवा शूट आहे. त्यांनी म्हटलं, तिला सांगू नका, नाहीतर मजा जाईल. मी सांगतोय. हे पत्र तुला त्याच्याआधी मिळालं तर तुझी मजा गेली आणि नाही मिळालं तर माझी.

दाराच्या मागून एक वाक्य बोलायचं असतं. माझं ठरलंय. "येते म्हणाली होतीस." एवढंच बोलणार. मग दार उघडेल. मग सगळ्यांसमोर तुला उत्तर द्यावं लागेल, कारण तिथं उत्तर न देता बसायची सोय नाही.

आई शर्टाला इस्त्री करतेय. म्हणते, "टीव्हीवर जातोस तर भांडू नकोस बाबा, शेजारी बघतात." मी म्हटलं, भांडायला नाही, विचारायला चाललोय. ती म्हणाली, "तुझं विचारणं मी तुझ्या जन्मापासून ऐकतेय."

काडेपेटी

५ मार्च

प्रिय कुजबूज,

तू तिथंच होतीस, तेव्हा काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. पण तू सोफ्यावर होतीस आणि मी दारामागे. तुझ्या बाजूनं जे दिसलं नाही तेवढं लिहितो.

त्या दाराला मागून रंग नाही. पुढून शिसवी दिसतं, मागे नुसता प्लायवूड आणि त्याला टेकू दिलेली वाळूची पोती. मला बरं वाटलं. होर्डिंगही मागून असंच असतं.

मला मेकअप केला. रंगपटातल्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण? भाऊ?" मी म्हटलं, अजून ठरायचंय. मग त्या दोन फोनवाल्या बाई आल्या आणि मला कार्यक्रमाची सगळी तऱ्हा समजावली. दार उघडलं की मी सोफ्याशी यायचं. सूत्रसंचालक आधी नाटकाबद्दल विचारणार. मग पडद्यावर नाटकाच्या पार्टीतला आपला तो फोटो येणार, ज्यात तू माझ्या हातातलं बक्षीस ओढतेयस. मग तो मला विचारणार, हिनं तुम्हाला कधी सोडलं? मग तुझं "नाही" दाखवणार. दाढीवाल्याला म्हणालेलं. तुकडा काढून तयार होता.

मी विचारलं, "आणि मग?"

"मग तुम्ही जे वाटेल ते बोला. अगदी मनातलं." त्यांनी माझ्या कॉलरला माइक लावला आणि तारेची गाठ मारता मारता म्हणाल्या, "भांडलात तरी चालेल. उलट बरंच आहे."

मला काकूंचा फ्रिज आठवला. का ते माहीत नाही. त्याचं न काढलेलं प्लास्टिक.

भिंतीवर छोटा टीव्ही होता, त्यावर तू दिसत होतीस. तू हसत होतीस आणि बोटांनी सोफ्याचा धागा काढत होतीस. विंगेत तू संहितेच्या कोपऱ्याचं असंच करायचीस, सगळी पानं कुरतडलेली असायची. मी तिथं उभा होतो आणि मला एकदम दिसलं की हे तेच घर आहे. तो उंच मुलगा, ती रडणारी पोर, आणि आता तिच्या जागी मी. तुझी आई खरं सांगत होती.

तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "दारात कोण?"

माझं वाक्य तयार होतं. तीन शब्द. गेला महिनाभर मी ते शिडीवर चढताना म्हणतोय. आणि ते आलंच नाही. तिसऱ्या प्रवेशात अडायचो तसा अडलो, फरक एवढाच की विंगेत तू नव्हतीस, तू समोर होतीस. दारातून कोणी कोण म्हणून विचारलं की माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं.

"मी."

लोक हसले. सूत्रसंचालक म्हणाला, "मी म्हणजे कोण? सगळेच मी असतात साहेब." लोक आणखी हसले. आणि त्यांनी दार उघडलं.

तू उभी राहिली होतीस.

हे मला दार उघडल्यावर दिसलं, पण तू दार उघडायच्या आधीच उठली असणार, कारण तेव्हा तू पूर्ण उभी होतीस, हातात सोफ्याचा धागा. एका "मी"वर. मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तिथंच मिळालं, आणि मिळाल्यावर मला त्याचं काय करायचं ते सुचेना.

सूत्रसंचालक हुशार आहे. त्यानं ते हेरलं. "अरे वा. मॅडम, उठून उभ्या राहिलात. म्हणजे ओळखलंत?"

सगळे कॅमेरे तुझ्यावर वळले. माझ्यावर एकही नव्हता. तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मला माहीत आहे, कारण तिसऱ्या प्रवेशात मी तुझ्याकडे तसंच पाहायचो. वाक्य गेलेल्या माणसाचं पाहणं.

मी ओठ हलवले. आवाज न करता, तू करायचीस तसं. नाही.

"नाही," तू म्हणालीस.

"मग उभ्या का राहिलात?"

"पायाला मुंग्या आल्यात. केव्हाची बसलेय. तुमचा सोफा दिसायला चांगला आहे."

लोक खदखदून हसले. तू पाय झटकून दाखवलास. मी तुला सांगतो, कुजबूज, मी मालिकेतली तुझी नणंद पाहिलीये, बॅगेची जाहिरात पाहिलीये, आणि पेपरवाल्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण तो पाय झटकलास तेव्हा मला स्वतःला क्षणभर खरं वाटलं की तू मला ओळखत नाहीस आणि तुझ्या पायाला मुंग्या आल्यात.

तो सोडेना. "अहो, हे तुमच्या कॉलेजच्या नाटकातले हिरो."

"मी विंगेत असायचे," तू म्हणालीस. "तिथून हिरो दिसत नाही, नुसती पाठ दिसते. मला सगळ्यांच्या पाठीच आठवतात."

"मग साहेब, पाठ दाखवा."

मी वळलो. आता माझं तोंड दाराकडे आणि पाठ तुझ्याकडे. लोक टाळ्या वाजवत होते.

"ही आठवते?"

तू म्हणालीस, "नाही. ही पण नाही." मग म्हणालीस, "शर्टाला इस्त्री मात्र छान आहे."

आईला हे सांगितलं. ती दिवसभर खूश होती.

त्यानं मला विचारलं, "काय हो, मग तुम्ही नक्की हिरोच होता ना?" मी पाठमोराच म्हणालो, "नाही, मी भाला धरून उभा असायचो. तिसऱ्या रांगेत. तुमच्या लोकांनी चुकीचा माणूस उचललाय." फोटो आला नाही. तुकडा आला नाही. त्या बाई कडेला उभ्या राहून दोन्ही फोनवर एकदम बोलत होत्या.

"जाता जाता मॅडमना काही सांगाल?"

मी म्हटलं, "पिक्चर चांगला चालू दे." मग सुचेना म्हणून म्हटलं, "जातो."

तो शब्द तुझा, त्यामुळे लोकांना वाटलं मी तुझी नक्कल केली. सगळे एकदम हसले. त्या हसण्याच्या खाली, माझ्या पाठीमागून, अगदी विंगेतून यायचा तसा तुझा आवाज आला.

"येतो म्हण."

मी म्हणालो, "येतो."

आणि त्या बिनरंगाच्या बाजूनं बाहेर पडलो.

काडेपेटी

२६ मार्च

प्रिय कुजबूज,

काल तो कार्यक्रम दाखवला. आमच्याकडे मामा, आई, काकू सगळे जमले होते. मी माझ्याच पाठीकडे बघत बसलो. मामा म्हणाला, "खांदा एका बाजूला उतरलाय तुझा. दोर दोन्ही हातांनी ओढत जा."

तुझी कुजबूज त्यात नाही. मी जातो म्हणतो, लोक हसतात, तू छातीवर हात ठेवून हसतेस, मग साबणाची जाहिरात. काकू म्हणाल्या, "कशी पोट धरून हसतेय बघ." तुझा हात पोटावर नव्हता. माइकवर होता. तळव्यानं झाकून धरला होतास. मी कोणाला काही म्हटलं नाही.

माझं येतो पण त्यांनी कापलं.

तुझा पिक्चर आईला घेऊन पाहिला. पेपरवाल्यानं लिहिलंय की कथा रडकी आहे, पण दारातल्या प्रसंगात नायिका खरी वाटते. मी त्याला आधीच सांगू शकलो असतो. दारात तू पहिल्यापासून चांगली आहेस.

काल काकू निघताना जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, "तिनं विचारलंय, टीव्हीची माफी मागितलीस का." म्हणजे तू पत्रं वाचलीस. मी म्हटलं, सांगा, विचार करतोय. काकू म्हणाल्या, "प्राचार्य या वर्षाअखेर निवृत्त होतायत. विचार लवकर कर, नाहीतर नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."

आज तुझं होर्डिंग उतरवलं. पुढच्या महिन्यात तिथं पंखे आहेत. उतरवलेला फ्लेक्स मामा फेकत नाही. त्याचे तुकडे करून टेम्पो झाकायला वापरतो. त्यानं विचारलं, कुठून कापू? मी डोळा वाचवून कापायला सांगितलं. मामानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून?"

मी म्हटलं, "नाही. नुसता डोळा."

मामाला मी एक कबूल केलं, तुलाही सांगतो. त्याचा दूधवाल्याचा मुद्दा बरोबर होता. सगळेच म्हणतात. तू जिन्यात म्हणालीस कारण मी पायरीवर उभा होतो, लाल झालेला, आणि तुला जिन्याचं दार ओलांडायचं होतं, आणि तुझ्यामागे मला ते लावायचं होतं, आणि दुसऱ्या कोणत्याही शब्दानं ते लागलं नसतं. त्या शोच्या घरात तुझ्या मागे दार लावायला तसं कोणी नव्हतं. म्हणून तिथं जाते म्हणालीस. मला निदान असं वाटतं. चूक असेल तर कळव. आणि नाही कळवलंस तरी चालेल.

हे पत्र शेवटचं. शिडीवर काम असतं, आणि प्राचार्यांसाठी काहीतरी लिहायला घ्यायचं आहे, त्यात मला कोण कुजबुजणार आहे.

जातो.

वरचा शब्द खोडलाय, वाचू नकोस.

येतो.